सियावुलाची मॅथ्स-सायन्सची फुकट पुस्तकं: साऊथ आफ्रिकेत शिकवणाऱ्यांसाठी जरा लांबलचक रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या ॲपचा किंवा टॅबचा नाहीये, चक्क पाठ्यपुस्तकांचा आहे. साऊथ आफ्रिकेत सियावुला नावाची संस्था आहे, त्यांची 'एव्हरीथिंग मॅथ्स' आणि 'एव्हरीथिंग सायन्स' ही ग्रेड १० ते १२ ची पुस्तकं आणि त्याच्या जोडीला असलेली त्यांची ऑनलाईन प्रॅक्टिस, एवढ्याबद्दल लिहितेय. मी जोहान्सबर्गच्या उत्तरेला राहते आणि शनिवारी टेंबिसा या टाऊनशिपमध्ये (वर्णभेदाच्या काळात काळ्यांसाठी शहराबाहेर वसवलेली वस्ती) एका चर्चच्या हॉलमध्ये मॅट्रिकच्या आसपासच्या मुलांना शिकवते, इंजिनिअरिंगची डिग्री कपाटात पडून होती तिला तेवढीच हवा. इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण विचारतात की आम्हालाही असं काही करायचंय पण सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू, तर माझं उत्तर हेच, आणि का ते खाली.

आता ज्यांना इथलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे बारावीला मॅट्रिक म्हणतात, परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, निकाल जानेवारीत. दहावीत येताना मुलांना ठरवावं लागतं की मॅथेमॅटिक्स घ्यायचं की मॅथ्स लिट, म्हणजे मॅथेमॅटिकल लिटरसी, जे रोजच्या व्यवहारापुरतं गणित. मॅथ्स लिट घेतलं की इंजिनिअरिंग, मेडिकल, कॉम्प्युटर सायन्स ही दारं जवळपास बंद, आणि हा निर्णय पंधरा वर्षांचं पोर घेतं, बऱ्याचदा स्वतः नाही तर शाळाच घेते कारण मॅथ्स लिटमध्ये पास होणारे जास्त, मग शाळेचा निकाल चांगला दिसतो. ही निकालाची हौस आपल्याकडेही काही कमी नाही. तर माझ्यासमोर बसलेली मुलं म्हणजे जी हट्टाने मॅथ्समध्ये टिकून राहिलीत ती.

आणि गणिताचा विषय इथे साधा नाहीये. १९५३ साली काळ्या मुलांचं शिक्षण वेगळं पाडणारा बांटू एज्युकेशन ॲक्ट आला तेव्हा नेटिव्ह अफेअर्स खात्याचा मंत्री फेरवुर्ड संसदेत उघड विचारत होता की काळ्या मुलाला गणित शिकवून उपयोग काय, तो वापरणार कुठे. नंतर १९७६ मध्ये सोवेटोची मुलं रस्त्यावर उतरली ती गणितासारखे विषय आफ्रिकान्समधून, म्हणजे तेव्हाच्या गोऱ्या सरकारच्या भाषेतून, शिकायची सक्ती झाली म्हणून. १६ जूनला इथे सुट्टी असते ती त्याचीच. ज्यांच्या आजीआजोबांना ठरवून गणित शिकवलं नाही त्यांची नातवंडं आज ट्रिगोनॉमेट्री करतायत, आणि घरात 'हे कसं करायचं' विचारायला कोणी नाही, त्यात त्यांचा दोष काय.

बरं, आता पुस्तकांकडे.

सुरुवात कशी झाली ते सांगते कारण मला ती गोष्ट आवडते. २००२ च्या सुमारास केप टाऊन युनिव्हर्सिटीत फिजिक्स करणारी काही पोरं, मार्क हॉर्नर त्यातला एक. एका विज्ञान प्रदर्शनात हा लाटांवर काहीतरी समजावून सांगत होता, तर खेड्यातल्या शाळेची मुलं सगळं भराभर वहीत उतरवून घेत होती आणि नंतर विचारायला आली की आम्ही लिहिलंय ते बरोबर आहे ना बघा, कारण आमच्या शाळेत पुस्तक नाही, यावरूनच आम्ही पुस्तक बनवणार आहोत. त्यातून फ्री हायस्कूल सायन्स टेक्स्ट्स नावाचा प्रोजेक्ट निघाला, जगभरच्या स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून धडे लिहिले, तपासले. पुढे शटलवर्थ फाउंडेशनची मदत मिळाली आणि सियावुला उभी राहिली. २०१२ मध्ये सरकारने स्वतःच ही पुस्तकं छापून देशभरच्या सरकारी शाळांत वाटली, जवळजवळ २५ लाख प्रती. हौशी पोरांनी लिहिलेलं पुस्तक सरकार छापतं हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

आणि गंमत बघा, त्याच २०१२ मध्ये लिम्पोपो प्रांतात शाळा सुरू होऊन महिने झाले तरी पुस्तकंच पोचली नव्हती, नव्या अभ्यासक्रमाची. सेक्शन२७ नावाची संस्था कोर्टात गेली, न्यायमूर्ती जोडी कोलापेन यांनी निकाल दिला की पुस्तक न देणं म्हणजे शिक्षणाच्या मूलभूत हक्काचा भंग. नंतर कुठे कुठे पुस्तकं फेकलेली सापडली. मग २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने पण सांगितलं की प्रत्येक मुलाला प्रत्येक विषयाचं स्वतःचं पुस्तक मिळालंच पाहिजे, तिघांत एक चालणार नाही. टेक्नॉलॉजीच्या शिक्षणावर भाषणं ऐकताना मला कायम हे आठवतं, कारण त्या भाषणात कोडिंग असतं, रोबोटिक्स असतं, एआय तर हल्ली असतंच असतं, पुस्तक नसतं.

पुस्तक आतून कसं आहे? मॅथ्सचं मला जास्त आवडतं. प्रत्येक धड्यात सोडवलेली उदाहरणं, आणि ती नुसती सोडवून सोडलेली नाहीत, स्टेप १, स्टेप २ असं, प्रत्येक स्टेपला मथळा की इथे आपण काय करतोय. एकट्याने बसून शिकणाऱ्या पोराला हेच लागतं. फंक्शन्सच्या धड्यात y = ax² + q मधला a बदलला की पॅराबोलाचं काय होतं, q बदलला की काय होतं, टेबल भरा, आलेख काढा, स्वतः बघा, मग नियम. नियम आधी सांगून टाकायची घाई नाही. आम्हाला शाळेत पॅराबोला असा कोणी शिकवला असता तर, जाऊ दे.

ग्रेड १० चा फायनान्सचा धडा तर मी शिकवते तेव्हा हॉलमध्ये एरवी पेंगणारीही जागी होतात. त्यात हायर पर्चेस आहे, म्हणजे हप्त्यावर वस्तू घेणं. इथे टाऊनशिपमध्ये निम्म्या घरातला सोफा, टीव्ही, फ्रीज हप्त्यावरचाच. समजा ५,००० रँडचा टीव्ही, १० टक्के डिपॉझिट, बाकीच्या ४,५०० वर १५ टक्के साधं व्याज, तीन वर्षं. व्याजच झालं २,०२५, महिन्याचा हप्ता १८१ रँड २५ सेंट, डिपॉझिट धरून टीव्ही पडला ७,०२५ ला. वर इन्शुरन्स लावतात तो वेगळा. एका मुलीने हे गणित घरी जाऊन आईच्या अकाउंटच्या कागदांवर करून पाहिलं आणि पुढच्या शनिवारी इतक्या रागात आली होती की मला वाटलं भांडून आली, तर ती व्याजावर चिडली होती. मी तिला म्हटलं हा राग जपून ठेव, याच धड्यात कंपाउंड इंटरेस्टही आहे.

जॉमेट्रीबद्दल एक आतली गोष्ट. २००८ पासून काही वर्षं मॅट्रिकला युक्लिडची जॉमेट्री ऐच्छिक पेपरात ढकलली होती, बहुतेक मुलं तो पेपर द्यायचीच नाहीत, २०१४ च्या मॅट्रिकपासून परत सगळ्यांना सक्तीची झाली. म्हणजे मधल्या काळात शिकलेल्या शिक्षकांपैकी कित्येकांनी ती स्वतःच नीट केलेली नाही. त्यामुळे या पुस्तकात प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहायची जी शिस्त आहे ना, समांतरभुज चौकोनाचे समोरचे कोन वगैरे, ती सोन्यासारखी आहे, कारण इथे पेपरात कारणालाही मार्क असतो. आपल्याकडे सिद्धता पाठ करून आलेल्यांना हे लगेच कळेल.

सायन्सचं पुस्तक चांगलं आहे पण मॅथ्सएवढं नाही असं माझं मत. इथे फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून एकच विषय, फिजिकल सायन्सेस, त्यामुळे धडे जरा उड्या मारतात, केमिकल बाँडिंगवरून एकदम लाटांवर. पण त्यात या देशाची माती आहे. ग्रेड ११ ला लिथोस्फियरचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा धडा आहे, त्यात सोन्याच्या खाणी, सायनाईड वापरून सोनं कसं काढतात ते सगळं, आणि जोहान्सबर्गभोवती ते पिवळे मातीचे डोंगर दिसतात ना, खाणीतून काढून टाकलेल्या चुऱ्याचे, ते मुलं टॅक्सीच्या (इथे टॅक्सी म्हणजे शेअर मिनीबस) खिडकीतून बघत मोठी झालेली असतात. बारावीला खतांचा कारखाना, अमोनिया बनवायची हाबर प्रोसेस. हे उत्तम.

अडचण प्रयोगांची, आणि ती पुस्तकाची नाही म्हणता येणार, अभ्यासक्रमाचीच आहे. ॲमीटर घ्या, रोधक घ्या, ब्युरेट घ्या, कुठून घ्या? कित्येक सरकारी शाळांत लॅबच नाही. मग जमतं तेवढं करायचं. पाण्याचा हीटिंग कर्व्हचा प्रयोग आम्ही गॅसच्या शेगडीवर केला, बर्फ जवळच्या स्पाझातून, म्हणजे वस्तीतल्या छोट्या घरगुती दुकानातून, थर्मामीटर माझा, दर मिनिटाला आकडा वाचायला एक पोरगा आणि फळ्यावर बिंदू मांडायला दुसरा. बर्फ वितळेपर्यंत पारा शून्यापाशी अडकून बसतो ते बघून एकाने थर्मामीटर बिघडलाय म्हणून जाहीर केलं, आणि नेमकं तेच तर बघायचं होतं. असे प्रयोग पुस्तकात आणखी हवे होते, घरच्या सामानातले. ग्रेड ४ ते ६ साठी यांची 'थंडरबोल्ट किड्स' पुस्तकं आहेत, त्यात मात्र हाताने करायच्या गोष्टी भरपूर आहेत, धाकट्यांसाठी ती नक्की बघा.

आता लायसन्स. थांबा, कंटाळवाणं वाटेल पण माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे. आपल्या बालभारतीची पुस्तकं पण पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मी स्वतः भाचीसाठी डाऊनलोड केलीत, पण पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय यातला भाग उद्धृत करता येणार नाही. सियावुलाचं उलटं. क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स, दोन प्रकारची कॉपी असते. प्रायोजकाचे लोगो असलेली कॉपी हवी तेवढी छापा, वाटा, फक्त बदल करायचे नाहीत. लोगो नसलेली घेतलीत तर बदल पण करा, धडे तोडा, जोडा, आपल्या भाषेत करा, विका सुद्धा, फक्त मूळ कोणाचं ते सांगा. म्हणजे केनियातला किंवा झांबियातला एखादा शिक्षक तिथल्या सिलॅबसप्रमाणे धडे उचलून आपलं पुस्तक करू शकतो आणि त्याला कोणाला पत्र लिहायला नको. मी स्वतः जॉमेट्रीचे धडे वेगळे काढून त्यात माझी चार पानं घालून स्पायरल बाईंडिंग केलंय, बेकायदेशीर काही नाही.

छपाईबद्दल सल्ला देते, कारण यात पैसे जातात. पुस्तकं जाडजूड आहेत. आमच्या इथल्या एका प्रिंटवाल्याने मला रंगीत छापायचा जो भाव सांगितला त्यात दोन मुलांची महिन्याची टॅक्सी निघाली असती, वर 'मॅडम कॉपीराईट आहे' म्हणून मलाच ज्ञान दिलं. काळं-पांढरं, दोन्ही बाजूंनी, धड्याधड्याच्या वेगळ्या पुस्तिका असं करा. अख्खं पुस्तक एकदम दिलं तर मुलं ते दप्तरात आणतच नाहीत, वजनच तेवढं. धडा संपला की पुढचा. एक नुकसान होतं, काही आलेखांत रंगावरून रेषा ओळखायच्या असतात त्या काळ्या-पांढऱ्यात सारख्याच दिसतात, तिथे मुलांकडून पेनाने नावं घालून घ्या.

ऑनलाईन प्रॅक्टिसचं काय? कल्पना छान आहे. प्रत्येक वेळी प्रश्नातले आकडे बदलून येतात त्यामुळे शेजारच्याचं उत्तर मारता येत नाही, चुकलं तर पूर्ण सोडवलेलं उत्तर दाखवतं, आणि तुम्हाला जमतंय तसं अवघड करत जातं. पुस्तकातल्या प्रश्नांना पण छोटे कोड आहेत, तो कोड साईटवर टाकला की उत्तर स्टेप्ससकट. मास्तर नसताना चूक नेमकी कुठल्या ओळीत झाली हे कळणं म्हणजे अर्धी शिकवणी. ज्याच्या घरी वायफाय आहे त्याने डोळे मिटून वापरावं, माझ्या मुलाकडून मी रोज करून घेते.

पण हॉलमधल्या मुलांचं वेगळं आहे. इथे डेटा महाग, २०१६ पासून 'डेटा मस्ट फॉल' म्हणून लोक ओरडतायत, घरात फोन एक आणि तो आईबरोबर कामावर. काही नेटवर्कवर ही साईट डेटा न कापता चालते, कोविडमध्ये सरकारने शैक्षणिक साईट्सना तशी सोय करायला लावली होती, ते खरंच चांगलं झालं, पण पानातला व्हिडिओ दुसरीकडून चालू झाला की डेटा जायला लागतो आणि मुलांना ते कळतही नाही. त्यात लोडशेडिंग. हो, हाच शब्द इथेही आहे, आणि २०२३ मध्ये दिवसाला आठ-दहा तास लाईट नसायची तेव्हा टॉवरच्या बॅटऱ्यांनी पण मान टाकलेली असायची. त्या दिवसांत ज्यांच्याकडे कागद होता त्यांचा अभ्यास झाला.

म्हणून टॅबवाल्या योजनांबद्दल मी जरा खडूस आहे. हाउटेंग प्रांताने २०१५ मध्ये टेंबिसातूनच पेपरलेस क्लासरूम सुरू केल्या, स्मार्टबोर्ड, प्रत्येक मुलाला टॅब, मोठा गाजावाजा. नंतर शाळांवर दरोडे पडायला लागले टॅबसाठी. चोराला पॅराबोलाच्या फोटोकॉपीत काही रस नसतो हो. टॅब नकोतच असं नाही म्हणत मी, पण आधी प्रत्येकाच्या हातात पुस्तक जाऊ दे, मग टॅब.

भाषा ही यातली खरी मोठी खोट. पुस्तकं इंग्लिश आणि आफ्रिकान्समध्ये. देशात सांकेतिक भाषा धरून बारा अधिकृत भाषा आहेत आणि माझ्या हॉलमध्ये झुलू, सेपेडी, त्सोंगा बोलणारी मुलं, म्हणजे जवळपास कोणाच्याच घरी इंग्लिश किंवा आफ्रिकान्स नाही. हे सियावुलावर ढकलण्यात अर्थ नाही, परीक्षाच या दोन भाषांत असते. चौथीपासून एकदम इंग्लिश सुरू होतं आणि दहावीत 'घर्षणरहित पृष्ठभागावर स्थिर असलेली वस्तू' वगैरे वाक्य इंग्लिशमध्ये समोर आलं की फिजिक्स येत असूनही पोरगं गप्प. सरकारने २०२५ पासून चौथीत मातृभाषेची जोड द्यायला सुरुवात केलीय, म्हणजे साधारण आपलं सेमी इंग्लिश, ती मुलं दहावीत येईपर्यंत बघू. तोवर आम्ही काय करतो, तर लायसन्स मोकळं आहेच, मोठी मुलं प्रत्येक धड्याच्या शेवटी एक पान झुलूत आणि सेपेडीत लिहून लावतात, अवघड शब्द आणि त्यांचे अर्थ. माझं झुलू 'सावबोना'च्या (नमस्कार) पुढे जात नाही त्यामुळे ते तपासायचं कामही त्यांच्याकडेच.

कोणी म्हणेल एवढं करून ही मुलं जाणार कुठे. इथे कारूच्या वाळवंटी भागात मीरकॅट आहे, ६४ डिशची रेडिओ दुर्बीण, २०१८ मध्ये सुरू झाली, आणि तिच्याभोवती एसकेए (स्क्वेअर किलोमीटर ॲरे) ही त्याहून मोठी दुर्बीण उभी राहतेय. आपला भारतही त्यात सदस्य आहे, आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही ३० डिशवाली रेडिओ दुर्बीण त्याच कुटुंबातली मानतात. एसकेए प्रकल्पाच्या इथल्या स्कॉलरशिप २००५ पासून आहेत, आफ्रिकेतल्या बाकी देशांतल्या विद्यार्थ्यांनाही. घानात तर टेलिफोन खात्याची जुनी सॅटेलाईट डिश दुरुस्त करून २०१७ मध्ये रेडिओ दुर्बीण केली. केप टाऊनजवळ म्युझेनबर्गला एम्स आहे, गणिताची संस्था, २००३ पासून, अख्ख्या आफ्रिकेतून मुलं येतात, आता सेनेगल, घाना, कॅमेरून, रवांडातही तिची सेंटर आहेत. मी मुलांना खोडदच्या डिशचे फोटो दाखवले तर पहिला प्रश्न आला, तिकडे पण शेळ्या चरतात का डिशखाली. पण या सगळ्या ठिकाणी अर्ज करायला मॅट्रिकचं मॅथ्स लागतं, मॅथ्स लिट नाही, म्हणून दहावीच्या पुस्तकावर मी एवढी अडून बसते.

मार्क द्यायचे तर मॅथ्सच्या पुस्तकांना पाचपैकी पाच, सायन्सला चार, ऑनलाईन प्रॅक्टिसला घरी वायफाय असेल तर साडेचार. महागडे क्लास लावायच्या विचारात असाल तर आधी हे महिनाभर वापरा, इथल्या एका क्लासवाल्याने मला जे 'एक्सक्लुझिव्ह' नोट्सचे पॅकेट दाखवलं होतं त्यात अर्धी उदाहरणं याच पुस्तकातली होती, नाव न देता.

शिकवायला सुरू करणार असाल तर टीचर्स गाईड पण उतरवून घ्या, वेगळं असतं, त्यात सगळ्या स्वाध्यायांची उत्तरं आहेत. जुने पेपर आणि त्यांचे मेमो, म्हणजे मार्कांसकट उत्तरं, शिक्षण खात्याच्या साईटवर फुकट आहेत, ग्रेड १२ ला सप्टेंबरनंतर पुस्तक बाजूला ठेवून फक्त तेच करायचे. आणि टेंबिसा, मिडरँड भागात कोणाला शनिवारी सकाळी दोन तास मिळत असतील तर खाली कमेंट करा, केमिस्ट्रीला माणूस हवाय, ऑर्गॅनिकला मी टेकलेय.